पडदा निवडण्याचा अधिकार

यंत्र नादुरुस्त झाले असता ते उघडून, बिघडलेला भाग काढून, त्याच्या जागी तसाच दुसरा भाग बसविण्याची मुभा मालकाला असावी, एवढी साधी मागणी मान्य करून घेण्यासाठी युरोप-अमेरिकेत ज्या चळवळी झाल्या, जे कायदे झाले आणि ज्या मोजक्या कंपन्या या मागणीवरच आपला व्यापार उभारण्याचे धाडस करून पुढे आल्या, त्या सर्वांचे ऋण मान्य करूनही एक शंका मनातून जात नाही. ती ही की, जे गेले ते जसेच्या तसे परत मिळण्यापाशीच या चळवळीने आपली सीमा आखून घेतली आहे की काय. जुने गेले आणि तसेच नवे आले, हा भरपाईचा हक्क झाला. जुने काढून आपल्या गरजेप्रमाणे निराळे बसविले, हा निवडीचा हक्क. मालकी या कल्पनेत पहिल्याइतकाच दुसराही अंतर्भूत आहे. किंबहुना दुसरा नसेल तर पहिला हा एक दीर्घ मुदतीचा भाडेकरार ठरतो. लॅपटॉपच्या बाबतीत या दोन हक्कांमधले अंतर त्याच्या पडद्यापाशी जितके जाणवते तितके दुसऱ्या कोणत्याही भागापाशी जाणवत नाही.

सॅन फ्रान्सिस्को येथे निरव पटेल यांनी स्थापन केलेल्या फ्रेमवर्क या कंपनीने 2021 साली आपला पहिला लॅपटॉप बाजारात आणला, तेव्हा तो उघडण्यासाठी लागणारा स्क्रूड्रायव्हर कंपनीने यंत्रासोबतच देऊन टाकला होता. आतील भागांवर त्यांची माहिती सांगणारे क्यूआर कोड छापलेले. बॅटरी, कीबोर्ड, पंखा, बिजागरे, स्पीकर हे सर्व सुटे विकत मिळणार. इतकेच नव्हे, तर मदरबोर्डसुद्धा काढून त्याच कवचात पुढील पिढीचा बसविता येणार, अशी ती तजवीज होती, आणि कंपनीने ती मागाहून खरी करून दाखविली. 2021च्या कवचात 2023चा एएमडी प्रोसेसर असलेला मदरबोर्ड विनातक्रार बसतो. मेमरी आणि एसएसडी यांबाबत तर मालकाला पूर्ण मोकळीक आहे. ज्या कंपनीची, ज्या क्षमतेची हवी ती बाजारातून आणावी आणि बसवावी. पडद्यापाशी मात्र ही उदारता आखडते. साडेतेरा इंची, 2256 गुणिले 1504 बिंदूंचा, चकाकत्या काचेचा एकच पडदा आरंभी होता. 2023 साली त्याचीच चकाकी नसलेली आवृत्ती आली. 2024 साली 2880 गुणिले 1920 बिंदूंचा, अधिक रेखीव पडदा आला. तिन्ही एकाच कुळातले, म्हणजे मागे दिवा आणि पुढे त्याचा प्रकाश अडविणारे-सोडणारे द्रवस्फटिक. यांतला कोणताही फुटला तर मालक स्वतःच्या हाताने तो बदलू शकतो, ही गोष्ट लहान नाही. पण भर उन्हात वाचता येईल असा, किंवा कागदासारखा स्थिर, स्वतःचा प्रकाश नसलेला पडदा त्याच झाकणात बसवावा असे त्याच्या मनात आले, तर त्याच्यासाठी कंपनीच्या दुकानात काहीही नाही.

मेमरीशी आपला संबंध अप्रत्यक्ष असतो. ती चांगली की वाईट हे यंत्राच्या गतीवरून अनुमानाने कळते. पडद्याशी संबंध डोळ्यांचा आहे, आणि डोळे प्रत्येकाचे निराळे. पडद्याचा प्रकाश कमी करण्यासाठी त्यामागचा दिवा सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा विझवून पुन्हा पेटविण्याची जी युक्ती अनेक पडद्यांत योजलेली असते, ती कोणाच्या लक्षातही येत नाही आणि कोणाचे तासाभरात कपाळ दुखवते. एखाद्या छायाचित्रकाराला रंगांच्या अचूकतेपुढे बाकी सर्व गौण वाटते. दिवसभर केवळ मजकूर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला रंगांशी काही कर्तव्यच नसते. भूमापनासाठी उन्हातान्हात हिंडणाऱ्याची गरज या दोघांहून वेगळी. चष्म्याची फ्रेम एकाने करावी आणि तिच्यातील काचा ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे दुसऱ्याने बसवाव्यात ही वहिवाट आपण इतकी स्वाभाविक मानतो की, फ्रेम विकणाऱ्यानेच काचेचा नंबरही ठरवून द्यावा ही कल्पना आपल्याला हास्यास्पद वाटते. लॅपटॉपच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे आणि त्याचे कोणाला हसू येत नाही.

आपल्या लिपीपुरतीही एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. शिरोरेषेवर मात्रा-रफार आणि पायाशी उकार-ऋकार अशी देवनागरीची ओळ रोमन ओळीहून अधिक उंची मागते, आणि जोडाक्षरांची घडण बिंदू विरळ असले की गिचमिड होते. रुंद आणि ठेंगण्या पडद्यावर, म्हणजे गेल्या दशकात बाजारात सर्रास असलेल्या 1366 गुणिले 768 बिंदूंच्या पडद्यावर, मराठी मजकुराच्या मोजक्या ओळी मावत, आणि त्याही धड वाचता येत नसत. चित्रपट पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी ठरलेल्या या प्रमाणाने लिहिणाऱ्यांची किती वर्षे गैरसोय केली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आता प्रश्न असा की, निराळा पडदा बसविणे तांत्रिकदृष्ट्या कितपत दुष्कर आहे. वस्तुतः फारसे नाही. मदरबोर्ड आणि पडदा यांच्यातील संवादासाठी ईडीपी या नावाचे प्रमाण वेसा या संस्थेने 2008 साली ठरविले आणि आजचे बहुतेक लॅपटॉप तेच पाळतात. जोडणी 30 पिनांची किंवा 40 पिनांची असते. आणि आपण किती बिंदूंचे, किती वेगाने ताजे होणारे, हे पॅनेल स्वतःच एका लहानशा नोंदीच्या रूपाने यंत्राला कळविते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काम करणारा कारागीर झाकणावरच्या नाममुद्रेपेक्षा पॅनेलच्या पाठीवरचा नंबर आणि पिना यांना अधिक मान देतो तो यामुळेच. तो जाणतो की नाममुद्रा अनेक असल्या तरी पॅनेल करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. विजेच्या आणि भाषेच्या पातळीवर जे सुसंवादी, ते अडते कोठे, तर मापांत. पॅनेलची जाडी काही मिलिमीटरांची असते. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी झाकण मिटत नाही. स्क्रूचे कान वेगळ्या जागी असले तर पॅनेल धरले जात नाही. आणि पडदा जड झाला तर बिजागर त्याला पेलत नाही. फ्रेमवर्कने पडदा डुलतो या तक्रारीवरून अधिक ताठ बिजागरे सुटी विकायला काढली, यावरून झाकणातला समतोल किती नाजूक असतो हे दिसते.

कंपनीने मुभा दिली नाही म्हणून लोक थांबले असेही नाही. लेनोव्होच्या 2011च्या थिंकपॅड एक्स 220 या लॅपटॉपचा कीबोर्ड आणि बांधणी लोकांना इतकी प्रिय की, त्याचा तो 1366 गुणिले 768चा पडदा तेवढा असह्य झाला म्हणून यंत्र टाकून देण्यास ते तयार होईनात. त्यांनी पाहिले की यंत्राच्या तळाशी डॉकिंगसाठी जी जोडणी आहे तिच्यात डिस्प्लेपोर्टचा प्रवाह येतो. तो आतल्या आत वळवून नव्या पॅनेलला देणारी छोटी पट्टी तयार करण्यात आली, ती मदरबोर्डवर सोल्डर करावी लागे, आणि तिच्या बळावर 1920 गुणिले 1080चा पडदा त्या जुन्या झाकणात नांदू लागला. चीनमधील एका हौशी मंडळाने तर जुन्या थिंकपॅडच्या कवचात बसणारे नवे मदरबोर्डच निर्माण केले. तथापि हा मार्ग सोल्डरगन धरता येणाऱ्यांचा आहे. सर्वसाधारण मालकाचा हक्क कौशल्याच्या अशा अपवादांवर उभा राहू शकत नाही.

खरी अडचण तंत्राची नाही, ती कारखान्याच्या अर्थशास्त्राची आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय कंपन्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पॅनेल एकेक करून बनत नाहीत. साडेआठव्या पिढीचा म्हणून जो कारखाना ओळखला जातो त्यातील एक काच 2200 गुणिले 2500 मिलिमीटरची, म्हणजे साडेपाच चौरस मीटरची असते. तीवर एकाच वेळी अनेक पॅनेल कोरून मग ती कापली जातात. नव्या मापाचे पॅनेल हवे तर त्यासाठी प्रकाशकोरणीचे नवे साचे हवेत, काचेच्या मांडणीचा नवा आराखडा हवा, आणि हा खर्च वसूल होईल एवढी मागणी आधीच नोंदविलेली हवी. लाखोंनी लॅपटॉप विकणारा व्यापारी ही अट पुरी करतो. लहान कंपनीला मोठ्यांच्या ताटातले उरलेले निवडावे लागते. फ्रेमवर्कच्या 2024च्या पडद्याचे कोपरे गोलाकार आहेत आणि झाकणाची चौकट मात्र काटकोनी, ही विजोड जोडी पाहून अनेकांनी नाक मुरडले. कंपनीने प्रांजळपणे खुलासा केला की, हे पॅनेल मूळ दुसऱ्याच एका ग्राहकासाठी आखले गेले होते, आणि ते आहे तसे पत्करल्यामुळेच नवे पॅनेल घडविण्याचा खर्च टळला. मला स्वतःला ते गोल कोपरे मुळीच खटकत नाहीत. दुसऱ्यासाठी योजलेला पडदा आपल्या झाकणात बसतो, हेच तर या सर्व खटाटोपाचे साध्य. त्याची खूण चार कोपऱ्यांवर राहिली तर बिघडले कोठे?

म्हणूनच पर्यायी पडद्यांचा भार एकट्या उत्पादकावर टाकणे मला व्यवहार्य वाटत नाही. त्याने दहा प्रकारचे पडदे ठेवावेत अशी मागणी करणे म्हणजे त्याला दिवाळखोरीत ढकलणे. त्याच्याकडून अपेक्षा आहे ती एवढीच की, इतरांना पडदा आणून बसविता येईल अशी वाट त्याने मोकळी ठेवावी. अशी वाट मोकळी असली म्हणजे काय घडू शकते, याचे एक उदाहरण 2010च्या सुमाराचे आहे आणि त्याचा एक धागा आपल्या रायगड जिल्ह्यापर्यंत येतो.

निकोलस नेग्रोपाँटी यांच्या प्रेरणेने गरीब देशांतील मुलांसाठी जो एक्सओ नावाचा स्वस्त लॅपटॉप निर्माण झाला, त्याची शिक्षणविषयक स्वप्ने कितपत खरी ठरली हा वेगळा वाद आहे. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 सालीच ती योजना नाकारली होती आणि त्या नकारात तथ्यही होते. तरी 2007 साली रायगड जिल्ह्यातील खैराट या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रे प्रायोगिक तत्त्वावर आली. या यंत्राचा पडदा मेरी लू जेप्सेन या संशोधिकेने घडविला होता. साडेसात इंचांचा तो पडदा घरात दिवा लावून रंगीत दिसे आणि अंगणात दिवा विझवून, सूर्याचाच प्रकाश परतवून, 1200 गुणिले 900 बिंदूंचा काळा-पांढरा होई. त्या अवस्थेत एका इंचात 200 बिंदू मावत. फ्रेमवर्कच्या 2021च्या पडद्याचे बिंदूही इंचाला जवळजवळ तितकेच आहेत, हे पाहिले म्हणजे त्या स्वस्त यंत्रामागे किती उंच दर्जाची बुद्धी खर्ची पडली होती याची कल्पना येते. दिवा बंद असता हा पडदा एका वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वीज घेई. मागचा दिवा गेला तर तो खेड्यातल्या माणसालाही बदलता यावा, अशी त्याची रचना होती.

उन्हाचा मुद्दा केवळ सोयीचा नाही, तो भौतिकशास्त्राचा आहे. भर दुपारच्या उन्हाचा उजेड सुमारे 1 लाख लक्स भरतो, आणि त्यात धरलेला साधा पांढरा कागद प्रति चौरस मीटर 25 हजार कँडेलांच्या घरात प्रकाश परत फेकतो. चांगल्या लॅपटॉपचा पडदा आपले सर्व बळ एकवटून 400-500 कँडेलांपर्यंत पोहोचतो. सूर्याशी दिव्याने स्पर्धा करण्याचा हा उद्योग मुळातच हरण्याचा आहे, आणि त्यापायी बॅटरी रिकामी होते ती निराळीच. शिवाय दिव्याचा जो प्रकाश द्रवस्फटिक, ध्रुवक आणि रंगगाळण्या यांतून जातो त्याचा दहावा हिस्साही बहुधा डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. परावर्तक पडदा सूर्यालाच दिवा म्हणून कामाला लावतो. ज्या देशात वर्षाचे आठ महिने ऊन ओसंडते आणि वीज बेभरवशाची असते त्या देशाला कोणता पडदा अधिक साजेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण पडद्यांची निवड होते ती बंद काचेच्या, दिव्यांनी उजळलेल्या कचेऱ्यांत.

जेप्सेन यांनी 2008 साली पिक्सेल क्यूआय ही कंपनी काढली आणि 2010 साली तिचे दहा इंची परावर्तक पॅनेल सुटे विकायला आले. सॅमसंग आणि लेनोव्हो यांच्या दोन लहान नेटबुकांत ते मालकाने स्वतःच बसवायचे. हे पॅनेल नेहमीच्याच द्रवस्फटिक-कारखान्यात, नेहमीच्याच द्रव्यांनी, केवळ आतील रचना पालटून तयार होत असे. माप आणि जोडणी बाजारात रुळलेली, म्हणून त्या दोन यंत्रांच्या कर्त्यांनी काहीही मदत केलेली नसताना ते बसू शकले. पुढे ती कंपनी टिकली नाही. मोठ्या उत्पादकांनी तिचे पडदे फारसे घेतले नाहीत, आणि नेटबुकांची लाटच ओसरल्यामुळे त्या मापाच्या झाकणांचा बाजारही सरला. मला यातून असे दिसते की, पर्यायी पडदा करणाऱ्याला सर्वाधिक गरज असते ती काही वर्षे न बदलणाऱ्या झाकणाची. ते झाकण आज दुरुस्तीयोग्य लॅपटॉपच पुरवू शकतात, कारण वर्षानुवर्षे तेच कवच चालविणे हा त्यांच्या व्यापाराचाच पाया आहे.

विद्युत-शाईचा पडदा, जो आपण किंडलमुळे ओळखतो, त्याची कथा थोडी अधिक बिकट आहे. सूक्ष्म कुप्यांतील काळे-पांढरे कण विद्युत्‌भाराने वर-खाली सरकवून तो अक्षरे उमटवितो. एकदा उमटलेले अक्षर वीज तोडली तरी टिकते, परंतु कण हलवायला अधिक दाबाची वीज आणि ती कोणत्या क्रमाने द्यायची याचे सूक्ष्म वेळापत्रक लागते, आणि मागच्या अक्षरांची पुसट छाया मागे उरते. तो ईडीपीच्या तारेला थेट जोडता येत नाही. मध्ये स्वतंत्र नियंत्रक हवा. ही नियंत्रकांची विद्या दीर्घकाळ बंद दप्तरात होती. आता मोडोस या छोट्या उपक्रमाने मुक्त आराखड्याचा नियंत्रक प्रसिद्ध केला असून तो असा पडदा सेकंदाला 75 वेळा ताजा करतो, म्हणजे टंकलेखन करताना अक्षर मागे रेंगाळत नाही. लॅपटॉपच्या झाकणात बसण्याइतका तो अद्याप आटोपशीर नाही, पण मार्ग दिसला आहे. पडदाच काढून टाकून डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र चढविण्याच्या कल्पनेविषयी मात्र मला उत्साह वाटत नाही. साइटफुल या कंपनीने 2023 साली असा पडदाविरहित लॅपटॉप दाखविला आणि पुढच्याच वर्षी ते यंत्र विकण्याचा बेत सोडून केवळ सॉफ्टवेअर करायचे ठरविले.

या सर्वांवर तीन हरकती घेतल्या जातात. पहिली कचऱ्याची: पडदे बदलण्याची हौस लागली तर चांगले पडदे काढून फेकले जातील. फेकले जातात ते जेथे बसत नाहीत म्हणून. जो पडदा दुसऱ्या झाकणात बसतो त्याला दुरुस्तीच्या बाजारात किंमत असते, आणि तपकीर गल्लीत चालू स्थितीतले जुने पॅनेल कोणी कचऱ्यात टाकत नाही. दुसरी हमीची: परक्या पडद्याने मदरबोर्ड जळाला तर जबाबदार कोण? अर्थात ज्याने बसविला तो. कंपनीने आपल्या भागांपुरती हमी द्यावी. परक्या भागाची हमी नाकारणे आणि परका भाग यंत्राने ओळखूच नये अशी व्यवस्था करणे यांत मोठे अंतर आहे. तिसरी हरकत मात्र गंभीर आहे. मापे जाहीर करून ती काही वर्षे गोठविली की रचनाकाराचे हात बांधले जातात. झाकण पातळ करता येत नाही, कडा अरुंद करता येत नाही, आणि स्पर्धक पुढे जातो. हे खरे आहे. माझे मत एवढेच की, झाकण एक-दोन मिलिमीटर जाड राहिल्याने होणारे नुकसान सोसण्याजोगे आहे आणि निवड गमावण्याचे नाही. ज्याला बारीकपणाच हवा त्याच्यासाठी बाजारात इतर शेकडो यंत्रे आहेतच.

कायद्यांनी हा मुद्दा अद्याप उचललेला नाही. फ्रान्सने 2021पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा दहापैकी गुणांक छापणे सक्तीचे केले. तो देताना माहितीपत्रे, उघडण्यातील सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता व त्यांची किंमत, आणि त्या त्या वस्तूला लागू असा एक निकष, अशा पाच गोष्टी पाहिल्या जातात. निराळा भाग बसेल काय, हा प्रश्न त्यांत नाही. युरोपीय संघाच्या 2024च्या दुरुस्तीविषयक निदेशात दुसऱ्याने बनविलेल्या अनुरूप भागांना उत्पादकाने आडकाठी करू नये असे कलम आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. पण ज्या वस्तूंना ते लागू त्यांच्या मूळ यादीत लॅपटॉप नव्हता. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले, आणि त्यावर कंपन्यांनी सुट्या भागांची व सेवाकेंद्रांची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे.

त्या माहितीत चार गोष्टींची भर घालावी अशी माझी मागणी आहे: पडद्याच्या खाचेची लांबी-रुंदी-जाडी आणि स्क्रूच्या जागा दाखविणारा आराखडा, जोडणीच्या प्रत्येक पिनेचा तपशील, बिजागर किती वजन पेलते याचा आकडा, आणि परका पडदा ओळखून यंत्र सुरू होण्यास नकार देणार नाही अशी लेखी ग्वाही. यांपैकी एकही देण्यास कंपनीला नवा कारखाना काढावा लागत नाही. फ्रेमवर्कने आपल्या मदरबोर्डची मापे आणि त्यावरील जोडण्यांची माहिती 2022 सालीच सर्वांसाठी खुली केली आहे आणि त्यामुळे तिचा व्यापार बुडालेला नाही. वाचकांपैकी जे यंदा नवा लॅपटॉप घेणार असतील त्यांनी प्रोसेसर आणि मेमरी यांची चौकशी करून झाल्यावर, या झाकणात आणखी कोणता पडदा बसेल, एवढे दुकानदाराला अवश्य विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तोच प्रश्न कंपनीला लेखी धाडावा.